खांद्याची सोनोग्राफी : धाराशिवकरांना किती खर्च, आणि कधी करावी

आमवात, डॉक्टरांच्या भाषेत आर.ए., बहुतेकदा बोटांच्या आणि मनगटाच्या सांध्यांत आधी दिसतो, म्हणून खांद्याकडे दुर्लक्ष होतं. मग वेणी घालायला हात वर जात नाही, फडताळावरचा डबा काढता येत नाही, रात्री कुशीवर वळलं की कळ येते. अशा वेळी ‘खांद्याची सोनोग्राफी करून या’ अशी चिठ्ठी हातात पडते. तिचा खर्च किती, हा पहिला प्रश्न. ती आत्ताच लागते का, हा त्याहून महत्त्वाचा.

आधी आकडे. धाराशिव, लातूर किंवा सोलापूरच्या खासगी केंद्रात एका खांद्याला साधारण १,००० ते २,००० रुपये धरून चला. पुण्यात याहून जास्त. बहुतेक ठिकाणी हा दर एका खांद्याचा असतो. आमवातात दोन्ही बाजू पाहायची वेळ अनेकदा येते, तेव्हा फोनवरच विचारा, ‘दोन्ही खांद्यांचे मिळून किती?’ निदान-तपासणीला जीएसटी लागत नाही, त्यामुळे बिलात तो दिसला तर हटकायला हरकत नाही. खांद्याचा एमआरआय साधारण ५,००० ते ९,००० रुपयांत जातो.

सोनोग्राफीने आमवाताचं निदान होत नाही. ते होतं डॉक्टरांनी सांधे चाचपून, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्यांवरून आणि हातापायांच्या एक्स-रेवरून. हातात मोजके पैसे असतील तर ते आधी या रक्ततपासण्यांवर घाला. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ मध्ये घरोघर पाहणी सुरू केली. तिथे हाडं, सांधे, स्नायू दुखण्याची तक्रार शंभर प्रौढांत अठराएक जणांची निघाली. आमवात मात्र दोनशेत साधारण एकालाच. म्हणजे दुखणारे बहुतेक खांदे आमवाताचे नसतात. मधुमेहींचा आखडलेला खांदा, वयामुळे झिजलेली शीर म्हणजे स्नायूची दोरी, मानेतून उतरणारी कळ, अशी कारणं कितीतरी अधिक.

आमवात ठरल्यावर मात्र सोनोग्राफी फार उपयोगी पडते. सांध्यात पाणी झालं आहे का, खांद्यावरची पाण्याची पिशवी म्हणजे बर्सा सुजली आहे का, दंडाच्या पुढच्या स्नायूच्या दोरीभोवती सूज आहे का, हात वर उचलणारी शीर फाटली आहे का, हाडाच्या कडेला खड्डे पडू लागलेत का, हे सगळं ती दाखवते. पॉवर डॉप्लर लावलं तर सुजेत रक्तप्रवाह किती वाढला आहे ते कळतं. रिपोर्टात त्याची प्रत ० ते ३ अशी लिहितात. डॉक्टरला कळायला हवं ते हेच. आजार धुमसत असेल तर आमवाताचं औषध वाढवावं लागतं, आणि शीर फाटल्याने दुखत असेल तर औषध वाढवून काही होत नाही. हाडाच्या आत आणि सांध्याच्या खोल भागात सोनोग्राफी पोचत नाही. एमआरआय लागलाच तर त्यासाठी.

कुठे करायची? जिल्हा रुग्णालय आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती, तिथे शासकीय दराने माफक शुल्क पडतं. म्हणून रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा आणि केसपेपरच्या खिडकीवरच दर व सवलत विचारा. सरकारी सोनोग्राफीच्या रांगेत गरोदर बायकांना आधी घेतात, आणि ते योग्यच आहे. खांद्यासाठी तारीख मिळाली तर वाट पाहा. दोन आठवड्यांनी बिघडेल असं हे दुखणं सहसा नसतं. ताप असेल आणि एकच खांदा लाल, गरम होऊन एकाएकी सुजला असेल, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेवर या तपासणीसाठी भिस्त ठेवू नका. ती दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांची योजना आहे. चिठ्ठी घेऊन बाहेरून केलेली सोनोग्राफी तीत बसत नाही.

खासगीत जायचं तर दर विचारण्याआधी एक विचारा : ‘तुमच्याकडे सांध्यांची सोनोग्राफी नेहमी होते का?’ बहुतेक केंद्रांचं रोजचं काम पोटाचं आणि गरोदरपणाचं. खांद्याला अंगावर फिरवायचा सपाट तोंडाचा, म्हणजे लिनिअर प्रोब लागतो आणि तपासणाऱ्याचा हात सरावलेला लागतो. पाचशे रुपये वाचवून मोघम रिपोर्ट घेतला तर दुसरीकडे परत पैसे भरावे लागतात. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून ‘आमवात, दोन्ही खांदे, पॉवर डॉप्लरसह’ असं स्पष्ट लिहून घ्या. परंडा-भूमकडच्यांना बार्शी, कळंब-उमरग्याकडच्यांना लातूर जवळ. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, आणि आमवात पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो, तेव्हा ही सवलत हिशेबात धराच. बुडालेली मजुरीही धरा. सोयाबीनच्या काढणीत एक दिवस गेला तर तो तपासणीच्या खर्चाइतकाच बोचतो.

शिबिरात किंवा घरी येऊन करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याने सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र नोंदवलेल्या जागेशी बांधलेलं आहे, मग ते खांद्यासाठी वापरा की पोटासाठी. त्यामुळे आमवाताचे डॉक्टर स्वतःचं यंत्र न ठेवता बहुधा रेडिओलॉजिस्टकडे पाठवतात, आणि फी दोन ठिकाणी पडते.

उपाशी जायची, पाणी पिऊन लघवी तुंबवायची गरज नाही. सैल बाह्यांचा, पुढून उघडणारा ब्लाउज किंवा शर्ट घाला. स्टुलावर बसवून हात पाठीमागे, बाजूला असा फिरवायला लावतात. पंधरा-वीस मिनिटं लागतात, किरणांचा धोका नाही. गोळ्या बंद करू नका, पण काय घेता ते सांगा. गावातल्या ‘वाताच्या पुड्या’ही लपवू नका, त्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं, आणि ते डॉप्लरमध्ये दिसणारी सूज झाकतं. सोनोग्राफीखाली सांध्यात इंजेक्शन सुचवलं तर त्याचा दर वेगळा असतो, तो आधी ठरवा.

दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करा असं कुणी म्हणालं तर थांबा. नॉर्वेतल्या आर्क्टिक आणि स्कॉटलंडमधल्या टेसर या अभ्यासांत, डॉक्टर नीट तपासून औषध बदलत असतील तर वरून नियमित सोनोग्राफी केल्याने रुग्णांना ठळक जास्त फायदा दिसला नाही. ‘या रिपोर्टाने माझं औषध बदलेल का?’ असं सरळ विचारा. ‘बदलू शकेल’ असं उत्तर आलं तर पैसे घाला, आणि फिल्म व रिपोर्ट दोन्ही मागून घेऊन जपून ठेवा. पुढच्या तपासणीला जुनी सूज ताडून पाहता येते.