आधी तू खा

पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉनला तू नाव दिलंस हे कळल्यापासून माझ्या डोक्यात तूच आहेस. 3.8 किलोमीटर पोहायचं, मग 180 किलोमीटर सायकल, मग 42.2 किलोमीटर पळायचं, आणि हे सगळं 17 तासांच्या आत. घरच्यांना पोहण्याची धास्ती वाटते, मैत्रिणींना पळण्याची. मला मात्र मधल्या सायकलचीच काळजी आहे, कारण दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ तू तिच्यावर असणार.

सरावाला रस्ता शोधायची गरज नाही. बुलढाण्याहून चिखली, मेहकर, सुलतानपूर करत लोणार साधारण नव्वद किलोमीटर पडतं. गोव्यात 2019 पासून जी आयर्नमॅन 70.3 होते, तिच्यात सायकल एवढीच असते. म्हणजे लोणारला पोचलीस की गोव्याची सायकल झाली आणि परत घरी आलीस की तुझी.

आता जे सांगते ते नीट ऐक, कारण प्रशिक्षक तुला वेग सांगेल, गिअर सांगेल, हे नाही सांगणार. आपण मुली लहानपणापासून एक गोष्ट बघत मोठ्या होतो. सगळ्यांची पानं उठल्यावर आई बसते. उरलेलं खाते, कधी उभ्यानेच खाते. भूक लागली तरी थोडं थांबायचं, हे कुणी शिकवावं लागत नाही, ते अंगात मुरतं. ती सवय घेऊन तू 180 किलोमीटरला निघालीस, तर रस्ता तुला खाली बसवेल. यकृतात आणि स्नायूंत साठलेली साखर जोरात सायकल मारली तर दोन-अडीच तासांत संपत येते. मग अंगातली ताकद एकाएकी जाते. हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, कारण नसताना रडू फुटतं. तेव्हा तोंडात काही टाकलंस तरी ते लगेच पायांपर्यंत पोचत नाही. म्हणून भूक लागायची वाट बघायचीच नाही. निघाल्यावर अर्ध्या तासात पहिला घास, आणि पुढे दर वीस मिनिटांनी थोडं थोडं. तासाला साठ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात, त्यावरून बाकीचा हिशेब कर. केळी, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, गूळ. शेंगदाण्याची चिक्की सगळ्यांना आवडते, पण तेलाचं पचायला वेळ लागतो, ती परतल्यावर खा. आणि बाजारातल्या जेलच्या पुड्या स्पर्धेत मिळणार असतील तर आत्तापासून एखादी घेत जा, पोटाला त्या दिवशी नवं काही नको.

पाण्याचं तर याहून अवघड आहे, आणि ते उघड कुणी बोलत नाही. आपण पाणी कमी पितो ते तहान नसते म्हणून नाही, जायला जागा नसते म्हणून. एसटीच्या प्रवासाला निघताना आपल्या सगळ्या बायका हेच करतात. सायकलवर हे करू नकोस, हात जोडून सांगते. तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागेल, ऊन असेल तर जास्त. त्यासाठी थांबे आधी ठरवून ठेव. पेट्रोल पंपांवर स्वच्छतागृह असतं आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी खुलं ठेवणं पंपवाल्यांवर बंधनकारक आहे, तेव्हा बिनधास्त विचारायचं. चिखली आणि मेहकरला बसस्टँड आहे. नुसतं साधं पाणीही ढोसू नकोस, घामातून मीठ जातं आणि वरून फक्त पाणी पडलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. एका बाटलीत ओआरएस ठेव, आणि पुडी एक लिटर पाण्याची असेल तर एक लिटरमध्येच कालव.

पाळी आली म्हणून सराव बुडवायचा की नाही, हे तुझं तू ठरव, दोन्हींत काही चूक नाही. कप वापरायला जमत असेल तर घरच्या सरावात आधी सवय कर. पण सराव वाढल्यावर पाळीच यायची थांबली, तर बरं झालं, कटकट गेली, असं म्हणू नकोस. शरीर सांगत असतं की खाणं अपुरं पडतंय, आणि त्याची किंमत हाडं मोजतात. त्या दिवशीच डॉक्टरकडे जा. हिमोग्लोबिन तर आत्ताच तपासून घे. गादीच्या सायकलिंग शॉर्ट्सखाली आत काही घालायचं नसतं, शिवण घासून जखमा होतात. खोबरेल किंवा व्हॅसलीन लाव. सीट टोचत असेल तर सहन करत बसू नकोस, बदल. पुष्कळ बायकांच्या बुडाची हाडं पुरुषांपेक्षा रुंद अंतरावर असतात, त्यामुळे सायकलसोबत आलेली सीट आपल्याला बसतेच असं नाही.

आणि चौकात लोक बघतात, त्याचं काय? बघू देत. दोन-तीन रविवार बघतील, मग वाट सोडतील.

आता रस्त्याविषयी. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून असतो आणि लोणार बुलढाण्याच्या आग्नेयेला आहे. जाताना वारा पाठीशी, बुलढाणा उंचावर म्हणून उतारही तुझ्याच बाजूचा. येळगावच्या धरणाजवळून जाशील तेव्हा पाय इतके हलके वाटतील की वेग आपोआप वाढेल. तिथे स्वतःला आवर. जाताना वाचवलेला दम येताना लागतो. येळगावला जी पैनगंगा दिसते तीच मेहकरला पुन्हा भेटते, तिथवर बोलता बोलता चालवता येईल एवढ्याच जोराने जायचं. लोणारला धार नावाच्या झऱ्याचं पाणी बघ, सरोवराच्या काठावरून एकदा खाली नजर टाक. जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं ते विवर उल्केच्या धडकेनं झालं, तिथे उभं राहून केळं खाण्यासारखं दुसरं सुख नाही. पण खाली उतरू नकोस, पायऱ्या चढून आलेल्या मांड्या पुढे नव्वद किलोमीटर ओढायच्या नाहीत.

खरी परीक्षा मेहकर ते चिखली, येतानाची. तोवर एकशे पंधरा किलोमीटर झालेले असतात, वारा तोंडावर असतो आणि घर अजून दृष्टीत नसतं. तिथे मन बोलायला लागतं. कशाला केलं हे, आपल्याला झेपणारं नाही, एखादा टेम्पो थांबवावा. हे विचार आले की आधी घड्याळ बघ, शेवटचं कधी खाल्लं होतंस. पुष्कळदा ते दुःख पोटातलं असतं. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली, त्याआधी 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी जोडीने. तसल्या शर्यतीत सायकलस्वाराच्या मागे गाडी असते आणि तिच्यातली माणसं घड्याळ लावून त्याला भरवत असतात. एवढी कसलेली माणसंसुद्धा खाणं स्वतःच्या लहरीवर सोडत नाहीत. तुझ्या मागे गाडी नाही, म्हणून मोबाइलमध्ये वीस मिनिटांचा गजर लावून टाक.

आई म्हणते एकटी जाऊ नको. तिला पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीचं सांग, विशीत असताना 2018 मध्ये ती पोरगी सायकलने पृथ्वी फिरून आली, बरंचसं अंतर एकटीने. पण आईचं म्हणणं अगदीच टाकू नकोस. पहिल्या लांब फेरीला सोबत घे, मोबाइलवर ठिकाण घरी दिसू दे, मागे लाल दिवा दिवसाही चालू ठेव. समृद्धी महामार्ग मेहकरवरून जातो, त्याच्या मोहात पडू नकोस, तिथे सायकलला बंदी आहे. सुगीच्या दिवसांत रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनवरून टायर सरकतो आणि पावसात ट्रॅक्टरने आणलेला काळ्या मातीचा चिखल त्याहून वाईट. दोन्हींवर ब्रेक दाबायचा नाही, आधीच हळू व्हायचं.

चढाचा सराव राजूर घाटात कर. बोथा घाटही सुंदर आहे, पण तो ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो, तिथे बिबट्या आहे, अस्वल आहे, म्हणून उजाडल्याशिवाय नाही. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ 2019 मध्ये सुमारे 1300 किलोमीटर चालत याच जंगलात आला होता. लांबच्या पल्ल्यांची माया असणाऱ्याला आपला जिल्हा आवडतो, असं मला त्या वाघामुळे उगाच वाटत राहतं.

परत आलीस की सायकल भिंतीला लाव, बूट बदल आणि पंधरा-वीस मिनिटं हळू पळून ये. पाय लाकडाचे वाटतील, स्पर्धेतही तसेच वाटणार आहेत, त्यांना ओळख होऊ दे. मग अंघोळीआधी काहीतरी खा. दूध, भात, अंडी, जे असेल ते. त्या दिवशी पोळ्या तू लाटायच्या नाहीस, हे आदल्या रात्रीच घरात सांगून ठेव. ताट वाढून घे आणि सगळ्यांच्या आधी बस. आईला वाईट वाटलं तर मला फोन कर, तिच्याशी मी बोलते.