लिनक्सचे घड्याळ चुकले की काय काय बिघडते



उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली, की संगणक कक्षातून एक तक्रार हमखास येते. दोन-चार मशीन सुरूच होत नाहीत. काळ्या पडद्यावर इंग्रजीत पाच-सात ओळी येतात, शेवटी पासवर्ड मागितला जातो आणि सगळे तिथेच थांबते. पाहणारा म्हणतो, हार्ड डिस्क गेली. दुसरा म्हणतो, फॉर्मॅट मारून टाका. मग विश्वस्त मंडळापुढे नवीन संगणकांच्या खर्चाचा कागद येतो, आणि फॉर्मॅट मारलेल्या मशीनबरोबर मुलांच्या वर्षभराच्या प्रॅक्टिकलच्या फायलीही जातात. आमचा अनुभव असा, की यातल्या बऱ्याच मशीनची डिस्क ठणठणीत असते. बिघडलेले असते ते घड्याळ, आणि त्याला लागणारा सेल बाजारात किरकोळ किमतीत मिळतो.

म्हणून या अंकातला पाठ घड्याळावर. नववीपासून पुढच्या विद्यार्थ्यांनी तो वहीत उतरवून घ्यावा. इथे आज्ञांचे फक्त उच्चार दिले आहेत. त्यांची स्पेलिंगे कक्षातल्या फळ्यावर लिहून ठेवली आहेत.

एका मशीनमध्ये दोन घड्याळे

संगणकात घड्याळे दोन असतात हे पुष्कळांना ठाऊक नसते. पहिले मदरबोर्डवर. मशीन बंद असतानाही ते चालू राहते, कारण त्याला एक गोल चपटा सेल जोडलेला असतो. त्यावर सीआर-२०३२ असे लिहिलेले दिसेल. यातले २० म्हणजे सेलचा व्यास, २० मिलिमीटर. आणि ३२ म्हणजे जाडी, ३.२ मिलिमीटर. नवा सेल ३ व्होल्टच्या आसपास असतो. मल्टिमीटर लावून अडीच व्होल्टच्या खाली दिसला, तर तो बदलवावा.

दुसरे घड्याळ लिनक्सच्या कर्नलचे, म्हणजे गाभ्याचे. हे मशीन सुरू असेपर्यंतच जिवंत. सुरू होताना कर्नल पहिल्या घड्याळाकडे एकदा बघतो, वेळ उचलतो आणि पुढे स्वतःचे स्वतः मोजत बसतो. तो मोजतो ते तास-मिनिटे नव्हेत; १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, तीही ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून, किती सेकंद झाले एवढेच. तारीख, वार, सकाळ-संध्याकाळ हे सगळे त्या एका आकड्यावरून नंतर मांडले जाते.

आता सुट्टीचा आणि सेलचा संबंध पाहा. मशीनचा प्लग चालू असतो तोवर घड्याळ वीजपुरवठ्यावर चालते आणि सेलवर भार पडत नाही. आपण मे महिन्यात कक्षाचा मुख्य स्विच बंद करतो. तसे करणे योग्यच आहे. पण मग दीड-दोन महिने घड्याळ केवळ सेलवर राहते. पाच-सहा वर्षे जुना सेल तेवढ्यात दम तोडतो, आणि शाळा उघडते तेव्हा मशीनला वाटते की आज कुठल्यातरी जुन्या वर्षाची १ जानेवारी आहे. काही मशीन तर लिनक्सपर्यंत पोहोचतही नाहीत. बायोसच 'एफ-१ दाबा' असे सांगून थांबते.

हिंदीत 'कल' म्हटले, की काल की उद्या हे पुढच्या क्रियापदावरून ओळखावे लागते. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, त्यामुळे याची मौज चांगलीच जाणतो. संगणकाला मात्र असे क्रियापद मिळत नाही. त्याच्या घड्याळात १ जानेवारी असेल, आणि डिस्कवर 'शेवटचा वापर एप्रिलमध्ये' अशी नोंद असेल, तर त्याच्या दृष्टीने तो वापर भविष्यकाळात झालेला असतो.

लिनक्स सुरू होताना डिस्क तपासणारा एफएससीके नावाचा प्रोग्राम नेमका इथेच अडतो. सुपरब्लॉकमधली शेवटच्या माउंटची वेळ भविष्यातली आहे, असे तो इंग्रजीत सांगतो. जुन्या आवृत्त्यांमध्ये तो त्यापुढे 'हाताने तपासा' असे म्हणून सगळे काम थांबवत असे. नव्या आवृत्त्या ती नोंद बहुधा आपणच दुरुस्त करून पुढे जातात. आपल्याकडच्या जुन्या मशीनवर जुनेच लिनक्स आहे, म्हणून तो काळा पडदा अजून दिसतो. तो डिस्क खराब झाल्याचा दाखला नाही. शेवटची घाबरवणारी ओळ सोडून वरची पहिली ओळ वाचा. तिथे तारखा लिहिलेल्या असतात.

उपाय क्रमाने असा. आधी बायोसमध्ये जाऊन तारीख आणि वेळ बरोबर करावी. सेल गेलेला असेल तर त्याआधी मशीनची वायर काढून सेल बदलवावा. मग लिनक्स सुरू करून 'डेट' ही आज्ञा द्यावी आणि भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघावी. पुन्हा एफएससीके मागितले गेले तर चालवावे, पण डिस्क माउंट होऊन लिहिण्यासाठी उघडी असताना कधीही नाही. तसे केल्यास चांगल्या डिस्कचीही खराबी होते. शेवटी 'एचडब्ल्यूक्लॉक' ही आज्ञा 'सिसटूएचसी' या पर्यायासह दिली, की कर्नलची बरोबर वेळ मदरबोर्डच्या घड्याळात लिहिली जाते.

पालकांना एक आग्रहाची सूचना. काढलेला सेल टेबलावर सोडू नका. लहान मुलाने असा बटन-सेल गिळला तर अन्ननलिकेला काही तासांतच गंभीर इजा होऊ शकते. अशा वेळी घरगुती उपाय न करता मुलाला थेट रुग्णालयात न्यावे.

साडेपाच तासांचे कोडे

दुसरा प्रकार याहून फसवा, कारण त्यात मशीन नीट चालते. कक्षातल्या काही संगणकांवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असे विंडोज मानते. त्यात जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, आहे असे लिनक्स सहसा मानते. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. विंडोजने घड्याळात दुपारचे १२ लिहून ठेवले, की लिनक्स त्याला यूटीसी समजून त्यात साडेपाच तास मिळवते आणि पडद्यावर संध्याकाळचे साडेपाच दाखवते. पुढे लिनक्सने इंटरनेटवरून वेळ सुधारून घड्याळात यूटीसी लिहिली, की विंडोजमध्ये दुपारी १२ ला सकाळचे साडेसहा वाजतात. दोघेही आपापल्या परीने बरोबर, आणि दोघेही एकमेकांचे लिहिलेले पुसत बसतात.

मागील सत्रात एका विद्यार्थ्याच्या प्रॅक्टिकलच्या फायलीवर संध्याकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे अशी वेळ दिसली. प्रॅक्टिकल तर दुपारी १ ला संपले होते. फाइल घरून करून आणली असावी, असे कोणाच्याही मनात येईल. मुलगा सांगत होता की त्याने ती कक्षातच केली. त्याच मशीनवरच्या इतर फायली पाहिल्या तर त्या दिवशीची प्रत्येक फाइल साडेपाच तासांनी पुढे निघाली, शिक्षकांनी सकाळी ठेवलेली प्रश्नपत्रिकासुद्धा. मुलाचे बारा वाजून दहा मिनिटे झाले होते, म्हणजे त्याचे म्हणणे बरोबर होते. फायलीवरची वेळ ही फक्त त्या मशीनच्या त्या क्षणीच्या घड्याळाची साक्ष. घड्याळ तपासल्याशिवाय ती साक्ष धरून कोणावर ठपका ठेवू नये, असे आम्ही सर्व शिक्षकांना कळवले आहे. चूक नेमकी साडेपाच तासांची असेल, तर सेलला दोष न देता या दोन समजुतींचा फरक आधी शोधावा.

लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल' ही आज्ञा दिली की स्थानिक वेळ, यूटीसी आणि मदरबोर्डची वेळ, तिन्ही एकाखाली एक दिसतात. दुरुस्ती एकाच बाजूने करायची: एकतर लिनक्सला सांगायचे की घड्याळात स्थानिक वेळ आहे, नाहीतर विंडोजच्या रजिस्ट्रीत सांगायचे की यूटीसी आहे. दोन्हीकडे बदल केला तर कोडे उलटे होऊन पुन्हा उभे राहते. जिथे एकटे लिनक्स आहे तिथे यूटीसीच ठेवावी.

त्याच यादीत वेळेच्या पट्ट्याचे नाव 'एशिया-कोलकाता' असे दिसते. मुले दरवर्षी विचारतात, दिल्ली का नाही. या नावांच्या यादीत त्या त्या भागातल्या मोठ्या शहराचे नाव देण्याची प्रथा आहे, एवढेच. वेळ ठरते ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून, जो मिर्झापूरजवळून जातो. आपले उज्जैन पावणेशहात्तर अंशांच्या जवळ. एका अंशाला ४ मिनिटे धरली, तर तिथली सूर्याची सरासरी वेळ घड्याळाच्या सुमारे २७ मिनिटे मागे निघते. ज्या नगरीतून जुन्या ज्योतिष्यांनी मध्यरेखा मानली, तिलाही आज मिर्झापूरच्या घड्याळाने चालावे लागते! सातवी-आठवीच्या मुलांनी हे गणित करून पाहावे.

स्क्रिप्ट का चालत नाही

लिनक्स सुरू होताना ठरलेली कामे आपोआप व्हावीत म्हणून स्क्रिप्ट लिहून ठेवतात. कक्षात तसल्या दोन आहेत: एक सर्व्हरवरचे फोल्डर जोडते, दुसरी वेळ मिळवते. पूर्वी या स्क्रिप्ट क्रमांकानुसार एकामागून एक चालत. डेबियन आणि उबुंटूने २०१५ मध्ये सिस्टिमडी स्वीकारल्यापासून पुष्कळ कामे एकाच वेळी सुरू होतात, आणि कोण कोणासाठी थांबणार हे लिहून द्यावे लागते. जुन्या सवयीची स्क्रिप्ट नव्या मशीनवर फसते ती बहुधा इथेच. नेटवर्क अजून लागलेले नसते आणि स्क्रिप्ट फोल्डर मागून मोकळी होते.

बाकीची कारणे साधी असतात. पहिली ओळ, म्हणजे कोणत्या शेलने चालवायचे ती, राहून जाते. फायलीला चालवण्याची परवानगी दिलेली नसते. स्क्रिप्ट विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलेली असते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह चिकटते; मग शेल सापडत नाही अशी तक्रार येते आणि डोळ्यांना तर सगळे बरोबर दिसते. 'आरसी-लोकल' या जुन्या फायलीत आणखी एक गंमत: तिच्या शेवटी 'एक्झिट शून्य' ही ओळ असायची, आणि मुले आपली आज्ञा तिच्याखाली लिहीत. तिथपर्यंत मशीन कधी पोहोचतच नाही. हाताने चालवली की चालते पण सुरू होताना चालत नाही, असे झाले, तर आज्ञेचा पूर्ण मार्ग लिहून पाहावा. सुरुवातीच्या वेळी शेलला तुमच्या रोजच्या वाटा माहीत नसतात.

आता घड्याळ आणि स्क्रिप्ट जिथे एकत्र येतात ते पाहा. स्क्रिप्ट सुरक्षित जोडणीने एखादी फाइल मागवते. घड्याळ मागे असते. समोरच्या साइटचे प्रमाणपत्र मशीनच्या मते अजून लागूच झालेले नसते, म्हणून जोडणी नाकारली जाते. मुले स्क्रिप्ट दहा वेळा तपासतात आणि ती निर्दोष असते. अशा स्क्रिप्टला 'वेळ जुळल्यानंतर सुरू हो' असे सिस्टिमडीत लिहून द्यावे, आणि वेळ जुळेपर्यंत थांबणारी सेवाही चालू करावी.

वेळ जुळवणारी सेवा म्हणजे एनटीपी. नेटवर्कवरून ती नेमक्या घड्याळाशी आपले घड्याळ ताडून पाहते. आपल्या देशाची प्रमाण वेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत अणुघड्याळांवर राखली जाते. पण जुन्या एनटीपी प्रोग्रामची एक अट असे: फरक १००० सेकंदांहून जास्त दिसला, की काहीतरी भलतेच आहे असे समजून तो वेळ न सुधारता बंद पडे. सेल गेलेल्या मशीनमध्ये फरक वर्षांचा असतो! पहिल्या वेळी मोठी उडी घ्यायची मुभा वेगळ्या पर्यायाने द्यावी लागते. नव्या लिनक्समध्ये मशीन फार जुनी तारीख मानतच नाही. शेवटच्या नोंदलेल्या वेळेपर्यंत आपणच पुढे सरकते. म्हणून तारीख १९७० न दिसता दीड महिना मागची दिसते आणि सेलचा संशयही येत नाही.

काय फसले ते शोधायला 'सिस्टिमसीटीएल' ही आज्ञा 'फेल्ड' या पर्यायासह द्या, आणि 'जर्नलसीटीएल' 'बी' या पर्यायासह. दुसरी आज्ञा फक्त या वेळच्या सुरुवातीच्या नोंदी दाखवते. घड्याळ उड्या मारत असेल तर तारखेने शोधू नका. सुरुवातीच्या क्रमाने शोधा.

यंदापासून १२ वीच्या दोन विद्यार्थ्यांकडे प्रत्येक रांगेची जबाबदारी दिली आहे. शाळा उघडल्याच्या पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येक मशीनची तारीख तपासून नोंदवहीत लिहायची, आणि आमची सही झाल्याशिवाय कोणत्याही मशीनला फॉर्मॅट मारायचे नाही. सेल बदलवला की त्या दिवसाची तारीख कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावी. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून लिहावी, मशीनवर बघून नव्हे.