यादी लागेपर्यंत

मोबाईल ठेव बाजूला, बाळ. विद्यापीठाची वेबसाइट तू जेवताना सुद्धा उघडायलीस, हे मामीने सांगितलं मला. मुलाखत झाली, आता ती चांगली गेली का वाईट यावर डोकं शिणवून उपयोग नाही. मराठी, इतिहास असल्या विषयांची पीएचडीची यादी कशावर अडते ते एकदा समजून घे, म्हणजे निम्मा तरी जीव भांड्यात पडेल.

अडते ती जागांवर. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ संशोधक, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार. ज्याच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलीत, त्या गाइडला नवा विद्यार्थी घेताच येत नाही. जुने विद्यार्थी प्रबंध लांबवत बसलेले असतात ते वेगळंच. मग आपल्या आवडत्या सरांकडे एकच जागा रिकामी, तीही दुसऱ्या प्रवर्गाची, असं सहज होतं. तिथं तुझी हुशारी काय करणार? म्हणून रिक्त जागांचा तक्ता काढून वहीत उतरव: गाइड कोण, विषय कोणता, जागा किती, कुठल्या प्रवर्गाच्या. संशोधन केंद्र असलेल्या कॉलेजांतले गाइडही बघ, नुसतं विद्यापीठाच्या विभागाकडे डोळे लावू नको. नाव नाही लागलं तर आधी तो तक्ता उघडायचा, रडायचं नंतर.

दुसरं, नेटचा फॉर्म पुन्हा भर. हो, आत्ताच. तू पास झालीस ती फक्त पीएचडीच्या गटात. २०२४ च्या नियमाने त्या गुणांना प्रवेशात सत्तर टक्के वजन आणि मुलाखतीला तीस. पण ते गुण एकच वर्ष चालतात. यादीची वाट बघता बघता तेच शिळे व्हायचे. वर्षातून दोनदा परीक्षा असते, नाव लागलं तर फॉर्मची फी गेली समज. आणि जेआरएफ निघाली तर महिन्याला सदतीस हजार येतात. तेवढे आले की घरातले मोठे आवाज आपोआप खाली उतरतात, हे मी खूप घरांत बघितलंय.

विभागात फोन करायचा तर अकरानंतर कर, आणि सरांना नाही, कार्यालयात. “माझं नाव आहे का?” असं विचारलं की समोरचा माणूस वैतागतो. “यादी कोणत्या टप्प्यावर आहे, साहेब?” एवढंच विचार. ज्याने फोन घेतला त्याचं नाव आणि तारीख लिहून ठेव. आठवड्याला एक फोन पुष्कळ झाला. मुलाखत घेतलेल्या सरांना रोज ‘शुभ सकाळ’ पाठवणाऱ्या पोरांचं कुणी भलं झालेलं मला तरी दिसलं नाही.

कागदांचं सांगतो. नॉन-क्रीमिलेअरची मुदत बघ, ती एकतीस मार्चला संपते. यादी लागल्यावर सेतूच्या रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही. मूळ टीसी एकाच ठिकाणी जमा होते, म्हणून मध्येच घाबरून दुसऱ्या कुठल्या कोर्सला ती देऊन बसू नको. प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स, आणि फोटो मोबाईलमध्ये वेगळे.

तुझ्या बापाशी मी बोलतो. तो म्हणायलाय, इतकी वर्षं शिकून अजून यादीच लागायची का, आणि स्थळंही आणायलाय. त्याला सांगेन की निजामाच्या काळात आपल्या बीडच्या पोराला विद्यापीठाचं तोंड बघायचं तर हैदराबादला उस्मानियात जावं लागे, तेही उर्दूतून शिकायला. मराठवाडा विद्यापीठ १९५८ ला निघालं. आता पोरगी सकाळच्या एसटीने संभाजीनगरला जाऊन रात्री घरी जेवायला येते, तर दम धर की थोडा. तू मात्र त्याला एक तारीख दे. “बघू” म्हणलीस की तो स्थळ पक्कं करील.

आणि गावात कुणी “सध्या काय चाललंय?” विचारलं तर “वाट बघायले” म्हणू नको. ओव्या गोळा करायले म्हण, आणि खरंच कर. तुझा विषयच जात्यावरच्या ओव्यांचा. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांच्या माणसांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्याही त्यात आहेत. त्या ऐक, पण त्यावरच थांबू नको. आपल्या वस्तीवर ऊसतोडीला कारखान्याला जाऊन आलेल्या बाया आहेत. उसाच्या फडावर आणि कोप्यांत त्या काय गातात, का गातच नाहीत, ते विचार. गाणं बंद झालं असेल तर तेही लिहायचं असतं. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळ्या परतल्या की पंधरा दिवस जाऊ नको, थकलेल्या असतात. मग दुपारी जा, भाकरी झाल्यावर. पंखा बंद कर, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये तोच गातो. आधी परवानगी माग आणि नाव छापलेलं चालेल का ते वेगळं विचार. काहींना सासरची भीती असते. गाणारीचं माहेर कुठलं ते जरूर लिही, ओवी बहुतेक तिथून आलेली असते.

लिहून झालं की मला पाठव, शुद्धलेखन मी बघतो. तुझ्या प्रस्तावनेचं, बरं का. ओवीतला एकही शब्द सुधारायचा नाही, गाइडने सांगितलं तरी.