मालमोटारीच्या एंजिनातील तेल घरी कसे बदलावे?

आपला माल बाजारपेठेत नेण्यासाठी स्वतःची लहान मालमोटार बाळगणारे शेतकरी आता पुष्कळ गावांतून आढळतात. हंगामाच्या दिवसांत लासलगावच्या कांद्याच्या बाजारात किंवा नारायणगाव व पिंपळगाव बसवंत येथील टोमॅटोच्या बाजारात लागणाऱ्या गाड्यांच्या रांगा पाहिल्या म्हणजे याची कल्पना येते. बैलजोडीस जशी वेळेवर वैरण व पाणी लागते, तसेच गाडीच्या एंजिनास वेळेवर स्वच्छ तेल लागते. तेल बदलण्याचे काम अवघड नाही. पद्धतशीरपणे केल्यास कोणाही शेतकऱ्यास ते आपल्या अंगणात करता येईल. मात्र नवे तेल ओतले म्हणजे काम संपले, असे नव्हे. काढलेल्या जुन्या तेलाची योग्य व्यवस्था लागली आणि त्या दिवसाची नोंद वहीत झाली, म्हणजेच ते पुरे झाले असे समजावे.

तेल का बदलावे लागते?

एंजिनातील तेल अनेक कामे करते. एकमेकांवर घासणाऱ्या भागांमध्ये पातळ थर राखून ते झीज थोपविते, उष्णता वाहून नेते, काजळी व मळ आपल्यात धरून ठेवते आणि धातूस गंज चढू देत नाही. डिझेल जळताना निर्माण होणारी काजळी, आम्ले, पाण्याची वाफ व न जळालेले इंधन यांचा थोडा थोडा अंश या तेलात उतरत असतो. तेलात मुळात मिसळलेली संरक्षक द्रव्येही हळूहळू खर्ची पडतात. अशा तेलावर गाडी चालवीत राहिल्यास प्रारंभी काही जाणवत नाही. परंतु आतील बेअरिंगे व पिस्टनची कडी झिजत जातात आणि अखेरीस संपूर्ण एंजिन उघडण्याचा मोठा खर्च अंगावर पडतो.

डिझेल एंजिनात घातलेले नवे तेल थोड्याच वेळात काळे होते. तेव्हा नुसत्या रंगावरून निर्णय करू नये. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत किलोमीटर व महिने अशा दोन्ही मुदती दिलेल्या असतात. त्यांपैकी जी आधी पुरी होईल ती मानावी. धुळीचे रस्ते, जड ओझी व वारंवारच्या लहान फेऱ्या यांसाठी पुष्कळ पुस्तिकांतून कमी मुदत सांगितलेली असते. खेड्यातील बहुतेक गाड्या याच वर्गात मोडतात, हे ध्यानी ठेवावे. ट्रॅक्टरची मुदत मात्र एंजिन चाललेल्या तासांवर मोजतात.

तेलाची निवड

डब्यावर '१५डब्ल्यू-४०' असे आकडे असतात. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहते हे दाखवितो व दुसरा तापलेल्या तेलाचा दाटपणा दर्शवितो. त्याशिवाय 'सीआय-४' किंवा 'सीके-४' यांसारखी प्रतीची खूण असते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकाच्या ज्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडविणारी गाळणी बसविलेली आहे, त्यांना कमी राख सोडणारे विशेष तेल लागते. दुसरे तेल घातल्यास ही महागडी गाळणी लवकर तुंबते. सबब शेजाऱ्याच्या गाडीत घातलेले तेल आपल्यासही चालेल, असे गृहीत न धरता पुस्तिकेतील प्रत व प्रमाण पाहूनच खरेदी करावी. सुटे तेल घेऊ नये. डब्याचे सील तपासावे व पावती जपून ठेवावी. गाडी हमीच्या मुदतीत असल्यास हमीपत्रातील अटी प्रथम वाचाव्यात.

साहित्य

नवे तेल, नवा ऑइल फिल्टर, नटाखालील नवा वॉशर, योग्य मापाचा पाना, फिल्टर फिरविण्याचा पट्ट्याचा पाना, सर्व तेल मावेल असे पसरट भांडे, नरसाळे, स्वच्छ चिंध्या, हातमोजे आणि झाकणाचा कॅन एवढे साहित्य आधी जमवावे.

कृती

(१) गाडी सपाट व टणक जागी उभी करावी. एंजिन सुमारे पाच मिनिटे चालवून बंद करावे. कोमट तेल पातळ होते व मळासह बाहेर पडते. तथापि कढत तेलाने हात भाजतो, म्हणून दहा मिनिटे थांबावे.

(२) हातब्रेक ओढावा व चाकांना पुढून आणि मागून मोठे दगड लावावेत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कदापि शिरू नये. जॅक घसरल्यास सावरण्यास अवधी मिळत नाही. गाडी उचलावीच लागल्यास खाली मजबूत लोखंडी स्टँड द्यावेत.

(३) तेल भरण्याचे झाकण उघडावे. चेंबरच्या तळाशी असलेल्या नटाखाली भांडे ठेवून नट सैल करावा आणि शेवटचे आटे हाताने सोडवावेत. तेल पंधरा ते वीस मिनिटे निथळू द्यावे.

(४) जुना फिल्टर काढावा. त्याचे रबरी कडे एंजिनालाच चिकटून राहिले नाही ना, हे अवश्य पाहावे. जुन्या कड्यावर नवे बसल्यास तेथून तेल जोराने गळते. नव्या कड्यास तेलाचे बोट लावून फिल्टर त्यावर छापलेल्या सूचनेनुसार हाताने आवळावा.

(५) नट पुसून नव्या वॉशरसह बसवावा. अवाजवी जोर केल्यास चेंबरचे आटे जातात.

(६) सांगितलेल्या प्रमाणापेक्षा थोडे कमी तेल भरून तेल मोजण्याच्या पट्टीवर पाहावे व दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ येईल इतके करावे. वरच्या खुणेपलीकडे तेल जाऊ देऊ नये. जादा तेल घुसळून त्यास फेस येतो व सांध्यांतून गळती सुरू होते.

(७) झाकण लावून एंजिन सुरू करावे. तेलाच्या दाबाचा दिवा काही क्षणांत विझला पाहिजे. न विझल्यास एंजिन तत्काळ बंद करावे. दिवा विझेपर्यंत एंजिनाचा वेग वाढवू नये. नट व फिल्टर यांजवळ गळती नाही हे पाहून एंजिन बंद करावे आणि पाच मिनिटांनी तेलाची पातळी पुन्हा तपासावी.

जुन्या तेलाची परीक्षा

निथळलेले तेल पाहिल्याशिवाय कॅनमध्ये ओतू नये. ते दुधाळ दिसल्यास त्यात पाणी उतरले आहे, धातूचे चमकते कण असल्यास आत झीज चालू आहे, आणि डिझेलचा उग्र वास येऊन पातळी वाढलेली असल्यास इंधन तेलात मिसळत आहे, असा संशय घ्यावा व गाडी कारागिरास दाखवावी. वेळीच ध्यानात आलेला दोष थोडक्यात दुरुस्त होतो.

जुन्या तेलाचे काय करावे?

या बाबतीत आपल्याकडे फार मोठी हयगय होते. जुने तेल बांधावर किंवा नाल्यात ओततात, तणावर टाकतात, डबक्यात सोडतात, गुऱ्हाळाच्या भट्टीत जाळतात, जनावरांच्या खरजेवरही लावतात. या सर्व रीती हानिकारक आहेत. जमिनीत मुरलेले तेल पावसाबरोबर विहिरीच्या पाण्यापर्यंत पोहोचू शकते, आणि एकदा बिघडलेली विहीर सहजासहजी सुधारत नाही. जनावरे अंग चाटतात व त्याबरोबर हे विष त्यांच्या पोटात जाते. माणसाच्या त्वचेशीही त्याचा वारंवार संबंध आल्यास गंभीर विकार, प्रसंगी कर्करोगही होऊ शकतो. म्हणून हातमोजे वापरावेत आणि हात डिझेलने न धुता साबणाने धुवावेत.

वस्तुतः जुने तेल टाकाऊ नाही. शुद्ध करून त्यापासून पुन्हा वंगण तयार करता येते. भारतात ते घातक कचऱ्यात गणले जाते व त्याच्या व्यवस्थेसाठी २०१६ चे नियम आहेत. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी तेल उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. शेतकऱ्याने करावयाचे एवढेच की, हे तेल पाणी, डिझेल वा कीटकनाशक न मिसळता झाकणाच्या कॅनमध्ये साठवावे, कॅनवर ठळक अक्षरांत 'जुने तेल' असे लिहावे, तो मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा आणि अधिकृत दुरुस्तीकेंद्रात किंवा नोंदणीकृत संकलकाकडे द्यावा. फिल्टरही रात्रभर पालथा ठेवून निथळावा. नव्या तेलाचा रिकामा डबा भोसकून निकामी करावा, म्हणजे त्यात कोणी भेसळीचे तेल भरून विकू शकणार नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

एकेका घरातील चार-पाच लिटर तेलासाठी संकलक खेड्यात येणे कठीण असते. यास्तव कार्यकर्त्यांनी पावसापासून सुरक्षित अशा जागी गावासाठी एक सामाईक पिंप ठेवण्याची व ते भरल्यावर संकलकास बोलाविण्याची व्यवस्था करावी. हंगामापूर्वी एखाद्या शेतकऱ्याच्या गाडीवर सर्वांसमक्ष प्रात्यक्षिक करून दाखवावे. प्रत्येक गाडीमालकास एक लहान वही ठेवावयास सांगावे. तीत तारीख, किलोमीटर, तेलाची प्रत व प्रमाण, फिल्टर आणि जुने तेल कोठे दिले, एवढ्या नोंदी पुरेत. ही वही गाडीचा पुढील खर्च वाचवील, आणि तिच्यातील शेवटचा रकाना नियमित भरला जात असेल, तर त्या गावच्या विहिरींचीही राखण होईल.