वाद्यवादनाचे चित्रण : बोटांची साक्ष

संगीताचे चित्रण शिकू पाहणाऱ्याने एक संकेत प्रथम ध्यानी घ्यावा. ध्वनी आधी मुद्रित होतो. चित्र मागाहून त्या मुद्रणाबरहुकूम घेतले जाते. गायकाची भूमिका असेल तर ओठ जुळले की बहुधा भागते. वादकाचे तसे नाही.

ए. पी. नागराजन यांचा ‘तिल्लाना मोहनांबाळ’ (१९६८) हा तमिळ चित्रपट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्यात शिवाजी गणेशन यांनी नागपट्टिनमजवळील सिक्कल गावच्या नादस्वरमवादकाची भूमिका केली; प्रत्यक्ष वादन सेतुरामन व पोन्नुसामी या बंधूंचे. नादस्वरम म्हणजे आपल्या सनईचा थोरला भाऊच. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात देवळात व लग्नमंडपात तो नित्य वाजतो. तंजावर जिल्ह्यातील नरसिंगमपेट्टै येथे अंजनाच्या लाकडातून तो घडवितात. ज्यांनी लहानपणापासून ही बोटे जवळून पाहिली, त्या प्रेक्षकांस चकविणे सोपे नव्हे. मंद्र स्वर लागला असता वरचे छिद्र उघडे दिसले, की सारा प्रसंग फसला. वादकाने जेथे श्वास घेतला, तेथेच नटानेही घ्यावा लागतो. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे सरकतात. पाचसहा चित्रांचा विलंबही डोळ्यास खुपतो.

चेहरा नटाचा आणि हात वादकाचे, असे तुकडे जोडण्याची पळवाट रूढ आहे. ती क्वचितच योजावी. चेहरा व बोटे एकाच चौकटीत दिसल्याखेरीज वादनाचा विश्वास वाटत नाही. तविल या साथीच्या तालवाद्याच्या बाबतीत तर एका हातातील काठीचा आघात दुरूनही दिसतो. तेव्हा नटाला आधी ताल शिकवावा, कॅमेरा मग लावावा.