उपचाराला होकार म्हणजे काय?



शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णालयात एका कागदावर सही किंवा अंगठा घेतात. कागद भरला की रुग्णाची संमती मिळाली, असे आपण धरून चालतो. पण संमती म्हणजे नेमके काय? या आठवड्याच्या पाठात आपण याच प्रश्नाचा विचार करू या.

१. शेजारच्या जिल्ह्यात काय दिसले?

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून, तसेच आपल्या कळंब, वाशी, भूम भागातून अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल अगोदरच घेतलेली असते. एका दिवसाचा खाडा झाला तरी पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतही बाईला फडात वाकून ऊस तोडावा लागतो, डोक्यावर मोळी वाहावी लागते.

२०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली.

२. सही होती, पण संमती होती का?

गर्भपिशवी काढणे काही आजारांत खरोखरच आवश्यक असते. म्हणून प्रत्येक शस्त्रक्रियेला दोष देता येणार नाही. परंतु संमती खरी असण्यासाठी तीन गोष्टी लागतात: आजाराची पूर्ण माहिती, निर्भयता आणि दुसरा पर्याय. अनेक महिलांना कर्करोगाची भीती घालण्यात आली होती, असे त्या वेळी पुढे आले. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले तर हाडे अकाली ठिसूळ होऊ लागतात, हे किती जणींना सांगितले गेले असेल? आणि जिथे खाडा परवडत नाही, तिथे विश्रांती घेऊन औषधोपचार करण्याचा पर्याय तरी कुठे उरतो?

जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ पासून आरोग्याचा अर्थ व्यापक धरला आहे. केवळ आजार नसणे पुरेसे नाही. शरीर, मन आणि सामाजिक जीवन या तिन्हींचे स्वास्थ्य हवे. कामात अडथळा येतो म्हणून अवयव काढला, तर रोजगार वाचतो, पण त्या बाईला आरोग्य मिळाले असे म्हणता येत नाही. तिथे माणूस अवजार ठरतो.

३. ज्ञान गावात आले की

आपल्या सीमेलगतच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये काम सुरू केले. त्यांनी गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. बाळंतपण, मुलांचे वजन, जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचे पाणी हे सारे त्या शिकल्या आणि त्यांनी शेजारणींना शिकवले. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेने लोकसहभागाचे हेच तत्त्व जगापुढे मांडले. आपल्या जिल्ह्यात तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या महिलांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. अशी जाणती बाई शेजारी असेल तर डॉक्टरांना प्रश्न विचारण्याचे बळ येते. होकाराला अर्थ येतो, आणि नकारालाही.

यरीहोच्या वाटेवर बार्तीमय आंधळा आहे, हे सर्वांना दिसत होते. तरीही त्याला बरे करण्यापूर्वी प्रभूने त्याची इच्छा विचारली. दयेपोटीसुद्धा रुग्णाच्या वतीने परस्पर निर्णय घ्यायचा नसतो, हे आपण यातून शिकतो.

चिंतनासाठी प्रश्न:

१) आपल्या घरातील आजारी माणसाचा निर्णय कोण घेते? त्याला विचारले जाते का?

२) शस्त्रक्रिया सुचवली गेल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यासाठी आपण शेजाऱ्याला सोबत करू शकतो का?

३) ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या ओळखीच्या भगिनींना ही माहिती आपण कशी देऊ?