पाड्यावर जाऊन मोजलेला रक्तदाब

वाचन : लूक १०:२५-३७



पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर एक आजोबा राहतात. त्यांच्या घरी मी वर्षभर जात होतो. नागलीची भाकर खायचो, प्रार्थना करायचो. "डोकं जड होतं," असं ते सांगायचे. उन्हाचं असेल, असं मी म्हणायचो. एके दिवशी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यात नेलं, तेव्हा त्यांचा रक्तदाब आयुष्यात पहिल्यांदा मोजला गेला. डोंगरात कष्ट करणाऱ्याला कसला बीपी, असंच मी धरून चाललो होतो.

हा समज आपल्याच महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी खोटा ठरवला आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ पासून गडचिरोलीत 'सर्च' संस्थेमार्फत राहून काम करू लागले. जिथे दुखणं आहे तिथेच संशोधन, ही त्यांची रीत. याच संस्थेत डॉ. योगेश कळकोंडे आणि सहकाऱ्यांनी २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं घरोघरी विचारून शोधली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झाले होते. इतकं मोठं दुसरं कारण नव्हतं. त्यातले दहापैकी जवळजवळ नऊ जण घरीच वारले. केवळ दवाखान्याच्या नोंदी पाहिल्या असत्या, तर ही माणसं दिसलीच नसती.

डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय समितीने २०१८ मध्ये सांगितलं, की दर चार प्रौढ आदिवासींपैकी एकाला उच्च रक्तदाब आहे. हा आजार बहुधा दुखत नाही. आतल्या आत हृदय थकतं, रक्तवाहिन्या खराब होतात. म्हणून मोजल्याशिवाय तो कळत नाही.

दाखल्यातला शोमरोनी आधी जवळ गेला, त्याने जखमा पाहिल्या, मग तेल आणि द्राक्षारस ओतला. मी जवळ गेलो होतो, पण पाहिलं नव्हतं.

आता माझ्या पिशवीत पवित्र शास्त्राबरोबर बीपीचं मशीन असतं. आकडा १४० वर ९० किंवा त्याहून जास्त आला, तर मी त्या माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जातो. मीठ आणि तंबाखू कमी करा, असं सांगतो. द्राक्षबागेच्या कामाला निघालेल्यांना आठवण करतो : पुरतील एवढ्या गोळ्या सोबत घ्या, मध्येच बंद करू नका.

मननासाठी : आपण ज्या घरी प्रार्थनेला जातो, तिथल्या वडीलधाऱ्यांचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता? आणि आपल्या स्वतःच्या घरातल्यांचा?